देवडीवरची अडवणूक

संस्कृत धातूंचे दहा गण आमच्या पिढीच्या वाचकांस पाठ असतील. नव्या पिढीनें निदान ऐकले असतील. त्यांपैकीं सातव्या गणाच्या अग्रभागीं रुध् हा धातु बसला आहे, आणि दहाव्याच्या अग्रभागीं चुर्. म्हणून एकास रुधादि म्हणतात व दुसऱ्यास चुरादि. अडविणें हें एक कर्म, चोरणें हें दुसरें. आणि दोघेही आपआपल्या गणाचे यजमान. ही मांडणी रूपांवरून झाली आहे, अर्थावरून नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि व्यवहारांत हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. घरांत चोरी झाली तर गांव गोळा होतो, पोलीस येतात, पंचनामा होतो. पण आपल्या वहिवाटीच्या वाटेवर कोणी कांटे आणून टाकले, तर "तुमचें गेलें काय?" असें लोक उलट विचारतात. जें गेलें नाहीं त्याचा शोक कशाला, असा एकंदर जनांचा न्याय आहे. या महिन्यांत आम्हांस जें सांगावयाचें आहे तें या न्यायाविरुद्ध आहे. आणि विषय आतां घरोघरीं येऊन बसलेल्या संगणकाचा आहे.

संगणकाच्या सुरक्षेचा विचार करणारे विद्वान् तीन गोष्टी रक्षणीय मानतात : गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. आपला कागद परक्यानें वाचूं नये, कोणी त्यांत फेरफार करूं नये, आणि धन्यास हवा त्या वेळीं तो हातीं यावा. पहिल्या दोहोंची काळजी सर्वांस असते. तिसरीचा भंग होतो त्यास इंग्रजींत 'डिनायल ऑफ सर्व्हिस' म्हणतात. आम्ही त्यास सेवानिरोध म्हणूं, कारण निरोध शब्दांत तो रुध् उघड दिसतो. वर्तमानपत्रांत याच्या बातम्या येतात त्या बहुधा दूरच्या हल्ल्याच्या असतात. हजारों यंत्रें एकाच वेळीं एखाद्या बँकेच्या दारीं गर्दी करतात आणि खऱ्या ग्राहकास आंत शिरतां येत नाहीं. परंतु याचा एक गरीब दिसणारा भाऊ आहे. माणूस यंत्रासमोर उभा राहतो, चार कळा दाबतो, आणि तें यंत्र पुनः सुरूच होत नाहीं. यास स्थानिक सेवानिरोध म्हणतात. तज्ज्ञांच्या मापनांत हा धाकटा ठरतो. आमच्या घरांच्या मापनांत तो धाकटा नाहीं, एवढेंच या लेखाचें प्रतिपाद्य आहे.

तें समजण्यासाठीं यंत्र जागें कसें होतें हें थोडें पाहिलें पाहिजे. आमच्याकडील जुन्या वाड्यांना देवडी असे. आलेला माणूस आधीं देवडीवर थांबे. तेथील माणूस त्यास विचारपूस करून चौकांत सोडी, आणि मग घराचा कारभार सुरू होई. संगणकाचेंही असेंच आहे. कळ दाबतांच प्रथम त्याच्या मुख्य पाटीवरील एका चकतींत कोरलेली आज्ञावली जागी होते. ती स्मृति, कळफलक, पडदा जागेवर आहेत कीं नाहींत तें पाहते आणि कारभार एका लहानशा आज्ञावलीच्या हवालीं करते. हीच ती देवडीवाली. इंग्रजींत तिला बूटलोडर म्हणतात. बुटाची नाडी आपणच ओढून आपणांस उचलून घेणें, या अर्थाच्या एका म्हणीवरून तो शब्द आला. जुन्या पद्धतींत तिला तबकडीच्या आरंभीं अवघी ५१२ अक्षरांची जागा मिळे, आणि तींतहि तबकडीची वांटणी लिहावी लागे. म्हणून ती आपला उरलेला भाग पुढच्या खोलींत ठेवी व तेथून तो बोलावून घेई. तिचें काम एकच : विंडोज, लिनक्स इत्यादि जी मुख्य प्रणाली असेल तिला शोधून उठविणें. ती उठली कीं देवडीवालीचें काम संपतें. चांगली देवडीवाली दिवसभरांत कोणास आठवतही नाहीं; ती आठवते ती एखादे दिवशीं दार उघडलें नाहीं म्हणजे.

लिनक्सच्या यंत्रांवर हें काम आधीं 'लिलो' नांवाची आज्ञावली करीत असे. पुढें 'ग्रब' आली. एरिक बोलिन यांनीं १९९५ मध्यें तिचा आरंभ केला, १९९९ पासून ती ग्नू प्रकल्पाच्या छत्राखालीं आहे, आणि लिनक्सच्या जगांत आज तीच सर्वत्र आढळते. पुण्यांत मुख्य ठाणें असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें 'बॉस' नांवाची जी भारतीय प्रणाली सिद्ध केली, तीही लिनक्सच्याच वंशांतली आहे. ग्रब लोखंडासारखी मजबूत असेल असा सर्वांचा समज होता. तिला गुप्त शब्द लावण्याची सोय होती. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून ती वापरीतही.

डिसेंबर २०१५ मध्यें स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील तंत्रविद्यापीठाच्या हेक्टर मार्को व इस्माएल रिपोल या दोन संशोधकांनीं दाखविलें कीं, ग्रब नांव विचारते तेथें अक्षर खोडण्याची कळ २८ वेळां दाबावी आणि मग होकाराची कळ दाबावी. अनेक यंत्रांवर यंत्र नव्यानें सुरू होतें, किंवा गुप्त शब्दावांचून दुरुस्तीचा कक्ष उघडतो. वाचकांस ही थट्टा वाटेल. पण कारण आमच्या चौथीच्या अंकगणितांतलें आहे. किती अक्षरें टंकिलीं याची ती आज्ञावली मोजणी ठेवीत असे. एक अक्षर खोडलें कीं मोजणींतून एक वजा. मोजणी शून्यावर आली असतां पुनः खोडलें तर? तेथें "शून्य आहे, आतां वजा करूं नको" ही एक अट लिहावयाची राहून गेली होती. तें मोजमाप ऋण संख्या जाणत नव्हतें. म्हणून शून्यांतून एक वजा होतांच तें ४,२९,४९,६७,२९५ वर गेलें, जसा सायकलच्या मीटरचा कांटा मागें फिरविला असतां शून्यावरून एकदम सर्व नवांवर जावा. मग उरलेली जागा कोरी करतांना ती आज्ञावली आपल्या पाटीच्या मागें गेली आणि पुढें कोठें परतावयाचें हें जेथें लिहिलें होतें तेंच तिनें पुसून टाकलें. देवडीवालीला भ्रम झाला. हा दोष २००९ च्या अखेरीच्या आवृत्तीपासून शिरला होता. म्हणजे सहा वर्षें तो कोणाच्या नजरेस पडला नाहीं, आणि दुरुस्ती मोजक्या ओळींत मावली. सीव्हीई-२०१५-८३७० हा त्याचा जागतिक नोंदणी क्रमांक.

आतां या शोधकांनीं जे परिणाम सांगितले त्यांतील एक आमच्या विषयाचा आहे. तबकडीवरील मजकूर सांकेतिक लिपींत कुलूपबंद असला, तर आंत शिरलेल्यास तो वाचतां येणार नाहीं. पण पुसतां येईल, आणि ग्रबही मोडून ठेवतां येईल. अर्थात् सांकेतिक लिपि हें चुर् धातूवरचें औषध आहे. रुध् धातूवर तें लागू पडत नाहीं. लोखंडी तिजोरी फोडतां आली नाहीं म्हणून एखाद्यानें तिच्या कुलपांत शिसें ओतलें, तर तिजोरींतील दागिन्यांची किंमत त्या दिवसापुरती काय राहिली?

असे दोष जगभर नोंदले जातात आणि त्यांस दहापैकीं गुण दिले जातात. गुण जास्त तितका दोष भयंकर. दूर बसून करतां येणाऱ्या हल्ल्यास गुण अधिक. यंत्राजवळ जावें लागत असेल तर गुण कमी. तर्क सरळ आहे : ज्या कार्यालयांत दारावर पहारा असतो आणि प्रत्येकास आपलें स्वतंत्र यंत्र असतें, तेथें यंत्राजवळ पोंचणें हेंच कठीण. पण हा तर्क ज्या घरांत बसून झाला तें घर आमचें नव्हे. आमच्या घरांत माजघरांत एक यंत्र असतें आणि त्यावर दहा हात फिरतात. शाळेंत एका यंत्रापुढें तीन मुलें बसतात. गांवच्या सेवाकेंद्रांत दाखल्यासाठीं आलेली माणसें टेबलाला टेकून उभीं असतात. येथें 'स्थानिक' म्हणजे कोण? सगळेच. आणि त्यांत द्वेष असण्याचीही जरुरी नाहीं.

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत कळमनुरी तालुक्यांतील एक एकत्र कुटुंब आमच्या परिचयाचें आहे. तीन भाऊ, त्यांचीं मुलें, आणि सर्वांत मिळून एक संगणक. पुण्यास नोकरीस असलेल्या थोरल्या नातवानें त्यावर विंडोज व लिनक्स अशा दोन प्रणाली बसवून देवडीवर ग्रब ठेवली होती. सातवींतल्या धाकट्यास खेळासाठीं जागा हवी होती. तबकडीचा एक भाग त्यास बेवारस दिसला, तो त्यानें पुसला. तो भाग लिनक्सचा होता, आणि ग्रबचें उरलेलें अंग तेथेंच होतें. दुसरे दिवशीं सकाळीं काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' हे दोन शब्द आले आणि पुढें कांहींच हलेना. धाकट्या सूनबाई घरीं बसून पदवीचा अभ्यास करीत होत्या. त्यांचा प्रकल्प-अहवाल त्याच दिवशीं सायंकाळपर्यंत पाठवावयाचा होता.

"मामंजी, अहवाल आंत जसाच्या तसा आहे," त्या सासऱ्यांस म्हणाल्या, "पण दारच उघडत नाहीं."

मुलगा कोपऱ्यांत रडवेला होऊन उभा होता. आजोबांनीं त्यास जवळ घेतलें. "बाळ, काय काय केलंस तें दादाला फोनवर नीट सांग. भिऊं नकोस. तूं लपवलंस तर त्याला औषध कसं कळणार?"

दादाला औषध लगेच कळलें. पण त्यासाठीं दुरुस्तीची पेनड्राइव्ह हवी होती आणि ती घरांत नव्हती. हिंगोलीस माणूस धाडून ती करवून आणीपर्यंत रात्र झाली. रात्रीं यंत्र उघडलें. अहवालाचें एक अक्षर हललें नव्हतें. मुदत मात्र टळून गेली होती, आणि सूनबाईंस पुढील सत्राची वाट पाहावी लागली. येथें ग्रबमध्यें दोष नव्हता कीं मुलाच्या मनांत पाप नव्हतें. तरीही सहा महिने गेलेच. "गेलें काय?" म्हणणारांस आम्ही हें उत्तर देतों.

देवडीवर घाला घालण्याची ही रीत नवी नाहीं. आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणींतून निराळा झाला. त्याच्या पांच दिवस आधीं, २६ एप्रिलला, सीआयएच नांवाच्या विषाणूनें भारतासह अनेक देशांतील यंत्रें निकामी केलीं. तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्यानें तो लिहिला होता. तो तबकडीचा आरंभीचा भाग शून्यांनीं भरून टाकी, आणि जमल्यास मुख्य पाटीवरील चकतींतील आज्ञावलीही पुसून टाकी. मग यंत्र जागें होण्याची पहिली पायरीच नाहींशी होई. त्यापूर्वीं १९९१ मध्यें आढळलेला मायकेलअँजेलो हा विषाणू तर तबकडीच्या पहिल्या घरांतच बिऱ्हाड करून राही आणि ६ मार्चची वाट पाही. याच विषाणूवर पुण्याच्या संजय काटकर या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यानें आरंभीच्या काळीं उतारा लिहिला. त्यांचे वडील बंधु कैलास काटकर गणकयंत्रें व संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीस येणारीं यंत्रें विषाणूंनीं ग्रासलेलीं असत. त्या दुकानांतून पुढें 'क्विक हील' उभी राहिली. देवडीवरच्या अडवणुकीवर उतारा शोधण्यांतून महाराष्ट्रांतील एवढा उद्योग निघाला, हें आमच्या तरुण वाचकांनीं ध्यानीं घ्यावें.

औषधानेंही कधीं कधीं दार बंद होतें, हेंही सांगितलें पाहिजे. जुलै २०२० मध्यें ग्रबमधील 'बूटहोल' नांवाचा दुसरा दोष प्रसिद्ध झाला. त्यावरची दुरुस्ती रेड हॅटच्या लिनक्सवर चढवितांच कित्येक यंत्रें सुरूच होईनात, आणि ती दुरुस्ती तूर्त चढवूं नका असें सांगण्याची पाळी आली. ऑगस्ट २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या एका दुरुस्तीनें, विंडोज व लिनक्स शेजारीं शेजारीं नांदत होतीं अशा अनेक यंत्रांवर लिनक्सची वाट अडविली. त्याच्या महिनाभर आधीं, १९ जुलै रोजीं, क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाइलीनें जगांतील सुमारें ८५ लक्ष विंडोज यंत्रें उठतां उठतां पुनःपुन्हा कोसळूं लागलीं. तो दोष बूटलोडरचा नव्हता. पण यंत्र उठत नाहीं म्हणजे काय होतें हें त्या दिवशीं सर्वांस दिसलें. आमच्या देशांतील विमानतळांवर उतारूंना हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. आणि उपाय? बहुतेक ठिकाणीं एकेका यंत्रासमोर माणूस जाऊन बसला, तेव्हांच तें उठलें. न उठलेल्या यंत्रास दुरून आज्ञा पोंचत नाहीं. म्हणून दोष स्थानिक असो वा दूरचा, उपाय अखेर स्थानिकच असतो. आणि जेथें जाणता माणूस तीस कोसांवर राहतो तेथें तो उपाय फार महाग पडतो.

कायद्यानें हा भेद ओळखला आहे, हें समाधानाचें. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ४३ व्या कलमांत, परवानगीवांचून मजकूर उतरून घेणें याबरोबरच, हक्कदारास संगणकापासून रोखणें हेंही स्वतंत्रपणें सांगितलें आहे. आणि तें कपटानें केलें तर ६६ व्या कलमान्वयें तीन वर्षांपर्यंत कारावास, पांच लक्ष रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. पण सातवींतल्या बाळास कोणी कोर्टांत नेत नाहीं. घरच्या अडवणुकीवर घरचीच व्यवस्था हवी.

ती अवघड नाहीं. पहिली गोष्ट, दुरुस्तीची एक पेनड्राइव्ह आधींच करून ठेवावी आणि ती यंत्राजवळ नव्हे, घरांतील महत्त्वाच्या कागदांच्या पेटींत ठेवावी. यंत्र बंद पडल्यावर ती त्याच यंत्रावर करतां येत नाहीं. दुसरी, ज्या कागदास तारीख लागलेली आहे त्याची एक प्रत यंत्राबाहेर असावी. सातबाराचे उतारे, मुलांचे दाखले, सुनेचा अहवाल, यांस एकच घर ठेवणें हें शहाणपण नव्हे. तिसरी, यंत्राचे गुप्त शब्द आणि तबकडी कुलूपबंद असल्यास तिची सुटकेची संख्या वहींत शाईनें लिहून ठेवावी, आणि ती वही कोठें आहे हें घरांतील निदान दोघांस ठाऊक असावें. त्यांत एक स्त्री असावी, कारण पुतणे पुण्यास जातात आणि घर चालवावयाचें तिला असतें. चौथी, दुरुस्त्या चढवाव्याच; सर्ट-इन ही सरकारी संस्था २००४ पासून अशा दोषांच्या सूचना देत आली आहे, त्याही पाहाव्या. पण उद्यां मुदत संपणार असेल तर आज रात्रीं दुरुस्ती चढवूं नये. पांचवी, मुलांसाठीं निराळें खातें करून द्यावें, म्हणजे तबकडीचे भाग पुसण्याचा अधिकार त्यांच्या हातीं जाणार नाहीं. शाळांनीं मुख्य पाटीच्या आज्ञावलीसही गुप्त शब्द लावावा आणि परक्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होऊं देऊं नये.

आमच्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. खर्च सुमारें २,६०० कोटींचा. अमेरिकेंतील तिच्या भगिनींची गणना लिनक्सवर चालते. तेथें उद्यां शेंकडों यंत्रें दररोज देवडी ओलांडून जागीं होतील आणि त्यांची काळजी वाहणारे जाणते लोक तेथें हजर असतील. कळमनुरीच्या माजघरांतील यंत्राची देवडी त्याच जातीची आहे, पण तिची काळजी वाहणारें कोणी पगारी माणूस नाहीं. तें काम घरच्यांनींच वांटून घ्यावयाचें आहे. पेनड्राइव्ह, प्रती आणि वही एवढें जमविण्यास एका रविवारची दुपार पुरते. आमच्या वाचकांनीं येत्या रविवारीं जेवणें आटोपल्यावर घरांतील मुलांनाही शेजारीं बसवून तें उरकून घ्यावें, अशी आमची सूचना आहे.